मंगळवारी छापत नाही

छपाईच्या बाबतीत नाशिकने देशाची कधी अडचण केलेली नाही. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२८ साली करन्सी नोट प्रेस आला, आणि विलायतेहून नोटा छापून आणायचा द्राविडी प्राणायाम संपला. तेव्हापासून नोटा, टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्टची पुस्तकं असा सगळा ऐवज इथून देशभर जातो. नाशिकरोडला कुणी ‘प्रेसमध्ये आहे’ म्हणालं, तर तो बातमीदार असेल अशी शंकाही कुणाला येत नाही.

याच शहरात, गंगापूर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, सातबाऱ्याचं एक पान छापायला अख्खा रविवार जातो. उतारा मिळायला वेळ लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. फक्त तो पडद्यावर मिळतो. बँक कागद मागते, सोसायटी कागद मागते, आणि निफाडचा चुलतभाऊ तर दोन प्रती मागतो.

पान निघत नाही, कारण घरात लिनक्स आलेलं असतं.

ते येण्याचा मार्ग ठरलेला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि घरातला लॅपटॉप असतो २०१६ चा, सहाव्या पिढीचा. एम. जी. रोडवरचा दुकानदार झाकण उघडून बघतो आणि डॉक्टरी आवाजात म्हणतो, ‘साहेब, यात आता काही राहिलं नाही. नवीन घ्या.’ हे साहेब म्हणजे मामा, बँकेतून निवृत्त झालेले. लोकांना कर्ज नाकारण्यात हयात गेलेली, त्यामुळे स्वतःला नाही म्हणणं त्यांना जड जात नाही. तेवढ्यात पुण्याच्या आयटी कंपनीतला भाचा शनिवारी मुक्कामाला येतो.

‘मामा, लिनक्स टाकू या. एकदम फुकट.’

‘फुकट आहे तर मग लोक घेत का नाहीत?’

या प्रश्नाला भाच्याकडे तासाभराचं उत्तर असतं. ते संपेपर्यंत पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चढलेलंही असतं. वायफाय लागतं, मराठी टाइप होतं, यूट्यूबवर अभिषेकीबुवा गातात, आणि जो लॅपटॉप सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घ्यायचा तो दूध ओतायच्या आत उभा राहतो. मामा खूष. भाचा त्याहून खूष. इथेच हात जोडून उठलं पाहिजे, पण लिनक्सवाला उठत नाही. तो म्हणतो, ‘आता फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकतो. आणि जाता जाता प्रिंटर जोडतो.’

लिनक्सची गोम अशी की आतलं सगळं चोख चालतं. घोडं अडतं ते दोन टोकांना. एक टोक पडदा, दुसरं कागद. मधला भाग जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही उघडून बघावा असा. टोकांना मात्र कंपन्या बसलेल्या असतात, आणि त्यांनी आपापली यंत्रं आतून कशी चालतात हे मुठीत झाकून ठेवलेलं असतं. मग कुणीतरी हौशी माणूस रात्री जागून, यंत्राला एकेक आज्ञा देऊन ते काय करतं हे पाहत पाहत, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्राम, लिहितो. जवळजवळ सगळं चालतं. त्या ‘जवळजवळ’मध्ये मामांचा रविवार जातो.

ग्राफिक्सपासून सुरुवात करू. २०१६ साली हा लॅपटॉप घेताना दुकानदाराने आवाज खाली आणून सांगितलं होतं, ‘साहेब, यात दोन जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे.’ मामांना त्यावर कर्जांचे तक्ते बघायचे होते, पण वेगळं काही मिळत असेल तर सोडायचं कशाला? अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिपा असतात. एक इंटेलची, साधी, कमी वीज खाणारी. दुसरी एन्व्हिडियाची, ताकदवान, तापणारी. कधी कुणी काम करायचं हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला एन्व्हिडियाने ऑप्टिमस असं नाव दिलं आणि २०१० मध्ये ती बाजारात आणली. विंडोजवर हे आपोआप होतं. लिनक्सवर पुढची कित्येक वर्षं ते कुणालातरी हाताने करावं लागलं.

त्या काळात हौशी लोकांनी ऑप्टिमससाठी बम्बलबी नावाचा प्रकल्प काढला. २०११ च्या मे महिन्यात त्याच्या स्थापनेच्या आज्ञावलीत एक चूक गेली: फाइली पुसून टाकायच्या ओळीत ‘यूएसआर’ या शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा पडली. एका उपफोल्डरातला कचरा काढायचा होता. त्या मोकळ्या जागेमुळे संगणकाने वाचलं की आख्खं यूएसआर फोल्डर पुसायचं आहे, आणि त्या फोल्डरात लिनक्सचे बहुतेक सगळे प्रोग्राम राहतात. ज्यांनी ग्राफिक्स सुधारायला घेतलं होतं त्यांच्याकडे सुधारायला काही उरलं नाही. मोकळ्या जागेमुळे अर्थाचा अनर्थ झाल्याची उदाहरणं मराठी शाळेत व्याकरणाच्या तासाला सांगतात, पण तिथे घर जात नाही, एखादा मार्क जातो.

आजचा भाचा बम्बलबीच्या वाटेला जात नाही. त्याच्यापुढे दोन पर्याय असतात. एक नूवो, म्हणजे बाहेरच्या लोकांनी अंदाजाने उकलून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर; तो आपोआप येतो आणि इमानदारीने चित्र दाखवतो. पण २०१४ नंतरच्या कित्येक कार्डांना कंपनीने स्वतः सही केलेलं फर्मवेअर लागतं, नाहीतर ती सुरू होतानाच्या मंद चालीतून बाहेरच पडत नाहीत. सहीशिवाय कागद टेबलावरून पुढे न सरकण्याचा हा अनुभव मामांना परिचयाचा असतो. इतका वेळ चाललेल्या संभाषणातलं त्यांना कळलेलं हे पहिलं वाक्य. दुसरा पर्याय कंपनीचा बंद ड्रायव्हर. भाचा तो टाकतो, यंत्र पुन्हा सुरू करतो, आणि पडदा काळा.

काळा म्हणजे नुसता काळा. डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत असते. मामा म्हणतात, ‘विचार करतंय वाटतं.’ ते काही विचार करत नसतं. भाचा तोपर्यंत मोबाइलवर ‘नोमोडसेट’ नावाचा शब्द शोधून काढतो. सुरू होण्याच्या ओळीत तो घातला की लिनक्स ग्राफिक्सचा हुशारपणा सोडून देतं आणि जाड्याभरड्या अक्षरांत का होईना, पण तोंड दाखवतं.

काळ्या पडद्याच्या पाठोपाठ येतो निळा. संगणकात सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला ओळखपत्र लागतं, आणि ते मान्य करायला पुन्हा सुरू होताना एकदाच एक निळा पडदा येतो: कोणतीही कळ दाबा, दहा सेकंद आहेत. या दहा सेकंदांत भाचा पाणी प्यायला गेलेला असतो. मामा पडदा वाचतात. अनोळखी कागदावर सही करायची नाही हे बँकेने शिकवलेलं, म्हणून कशालाही हात लावत नाहीत. दहा सेकंद संपतात, ओळखपत्र नामंजूर, ड्रायव्हर बाहेर. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यात भाच्याचा दोष नाही. लिनक्सच्या जन्मदात्यालाही हे चुकलेलं नाही. १४ जून २०१२ रोजी फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सचं भाषण होतं. श्रोत्यांतल्या एका बाईंनी नेमकं या ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दलच विचारलं. टोरवाल्ड्सने सांगितलं की आजवर संबंध आलेल्या कंपन्यांत एन्व्हिडियाइतकी वाईट कंपनी दुसरी पाहिली नाही, मग कॅमेऱ्याकडे वळून मधलं बोट वर केलं आणि कंपनीला उद्देशून एक इंग्रजी शब्द उच्चारला, जो या नियतकालिकात छापता येत नाही. प्रिंटर चालू असता तरी आला नसता. पुढे दहा वर्षांनी, २०२२ च्या मेमध्ये, एन्व्हिडियाने लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारा आपल्या ड्रायव्हरचा भाग खुला केला आणि लिनक्सच्या दुनियेत पेढे वाटले गेले. मामांना पेढा मिळाला नाही. तो खुला भाग ट्युरिंग म्हणजे २०१८ पासूनच्या चिपांनाच चालतो.

दुपारची जेवणं झाली की प्रिंटर.

हा मूळचाच दुखरा भाग. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ तत्त्वज्ञानातून निघाली असा पुष्कळांचा समज आहे; ती निघाली अडकलेल्या कागदातून. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय त्याने प्रोग्राममध्ये करून ठेवली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचाही कागद अडकायचा, पण त्याचा मूळ प्रोग्राम कंपनीने दिला नव्हता, त्यामुळे निरोपाची सोय घालता येईना. तो प्रोग्राम कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे असल्याचं कळलं; स्टॉलमनने जाऊन मागितला, तर समोरच्याने न देण्याचा करार केलेला. हा नकार त्याला इतका लागला की २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने संपूर्ण मुक्त प्रणाली लिहायचा संकल्प जाहीर केला आणि तिला ग्नू नाव दिलं. १९९१ मध्ये टोरवाल्ड्सचा कर्नल आला तो या ग्नूच्या हत्यारांच्या सोबतीने उभा राहिला. म्हणजे एका माणसाला प्रिंटरचा ड्रायव्हर मिळाला नाही म्हणून लिनक्सचं सगळं रामायण घडलं, आणि इतकं रामायण झाल्यावर गंगापूर रोडला मामांना प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही.

लिनक्सवर छपाईचा कारभार कप्स नावाची व्यवस्था पाहते. ती १९९९ मध्ये आली, २००७ मध्ये ॲपलने तिचे हक्क घेतले आणि तिच्या कर्त्यालाही नोकरीत घेतलं. मॅकवरही छापायचं काम तीच करते. तिचं ऑफिस प्रत्येक संगणकाच्या आत ६३१ क्रमांकाच्या दारामागे असतं. ब्राउझरमधून त्या दारावर गेलं की कोणत्या प्रिंटरचं कोणतं काम रांगेत पडलंय हे दिसतं. मामांच्या सातबाऱ्याच्या अकरा प्रती तिथे शिस्तीत उभ्या असतात, कारण पान येत नाही म्हटल्यावर माणूस आणखी एकदा बटण दाबतो.

नाशिकमध्ये, खरं म्हणजे महाराष्ट्रात, कागद छापतो तो दोन यंत्रांवर: कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२०. तहसील कचेरी, वकिलाचं टेबल, सीए, क्लास, द्राक्ष बागायतदाराचं ऑफिस, कुठेही जा, दोघांपैकी एक जाळीच्या रुमालाखाली बसलेला दिसेल. दणकट यंत्रं. टोनर भरून देणारा प्रत्येक चौकात. आणि दोन्ही स्वस्त एका कारणाने: त्यांना स्वतःचं डोकं जवळजवळ नाही. महाग प्रिंटरला पान सांगितलं की तो पान स्वतः रचतो. हे दोघे हमालासारखे, ठिपका कुठे ठेवायचा हे मालकाने सांगावं लागतं. सांगायची भाषा कंपनीची खासगी.

कॅननच्या भाषेचं नाव कॅप्ट. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण तो ३२ बिटी काळातला. आजच्या ६४ बिटी लिनक्सवर त्याच्यासाठी जुन्या लायब्रऱ्या गोळा करून आणाव्या लागतात. मग सीसीपीडी नावाची एक पडद्याआडची प्रक्रिया सुरू करायची आणि मोजायचं. ती दोनदा चालू दिसली तर प्रिंटर छापतो. एकदाच दिसली तर छापत नाही. जाणते लोक हे गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि ते खरं असतं. डोळा फडफडण्याचे अर्थ सांगणाऱ्यांना नावं ठेवणारा भाचा या वेळी पडद्यापुढे बसून एक की दोन हे बघत असतो.

एचपीची कथा जरा सोपी आणि जास्त दुःखाची. १०२० ला स्मरणशक्ती नाही. बटण बंद केलं की तो आपण प्रिंटर आहोत हेच विसरतो. पुन्हा चालू केला की संगणकाने त्याच्यात फर्मवेअर भरून त्याला आठवण करून द्यायची. एचपीने लिनक्ससाठी एचपीलिप नावाचं चांगलं मुक्त सॉफ्टवेअर दिलेलं आहे, पण या फर्मवेअरसाठी वेगळा बंद प्लगइन उतरवून घ्यावा लागतो, आणि दोघांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. लिनक्स स्वतःहून नवं झालं की एचपीलिप पुढे जातं आणि प्लगइन मागे राहतो. म्हणून ‘काल तर छापत होता’ हे वाक्य लिनक्सच्या घरात इतकं ऐकू येतं.

इथे मामी संभाषणात येतात. त्यांचं मत असं की हा प्रिंटर मंगळवारी छापत नाही. मामा आणि भाचा एकमेकांकडे बघून हसतात. मामींचा मंगळवार म्हणजे उपास आणि नवश्या गणपती. त्यात प्रिंटर कुठून आला?

पण मामींच्या बाजूने जगातला एक नामांकित दाखला आहे. २००८-०९ मध्ये उबुंटू लिनक्स वापरणाऱ्या एका गृहस्थाच्या बायकोने हीच तक्रार केली होती: ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. नवरा हसला. मग त्याने पाहिलं, आणि खरोखर निघत नव्हती. सोमवारी निघे, बुधवारी निघे. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते असं. छापायला पाठवलेल्या फाइलीच्या सुरुवातीला तारीख असते, वारासकट. ब्रदर कंपनीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर फाइल कोणत्या जातीची आहे हे ‘फाइल’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रामला विचारायचा, आणि तो प्रोग्राम पहिली काही अक्षरं बघून जात सांगायचा. त्याच्या यादीत एर्लांग या संगणकभाषेच्या फाइलींची खूण म्हणून १९९१ मधली एक पूर्ण तारीख नोंदवलेली होती. ती तारीख होती मंगळवारची. नोंद करताना मोकळ्या जागा नीट न बांधल्यामुळे सगळी तारीख गळून गेली आणि खूण उरली फक्त मंगळवारची तीन इंग्रजी अक्षरं. परिणामी मंगळवारी निघालेला प्रत्येक कागद एर्लांगचा ठरायचा, आणि प्रिंटर म्हणायचा, हे आपलं काम नव्हे.

पुन्हा मोकळी जागाच. बम्बलबीत एक जास्त पडली, इथे नीट धरली गेली नाही. पंचांग न बघणाऱ्या लोकांनी बनवलेल्या यंत्राला वाराची बाधा व्हावी, ही गोष्ट मामींना अजिबात विचित्र वाटत नाही. ‘मी सांगत होते,’ एवढंच त्या म्हणतात, आणि रव्याच्या लाडवाचा डबा भाच्याऐवजी स्वतःच्या बाजूला सरकवतात.

याचा अर्थ लिनक्सवर कागद निघतच नाही असा कुणी घेऊ नये. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणात, म्हणजे ई-कोर्ट्स प्रकल्पात, उबुंटू लिनक्सच घेतलं गेलं. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या एनआयसीने तयार केली. न्यायालय म्हणजे काय? तारीख आणि कागद. लिनक्सला दोन्ही जमतं हे सिद्ध झालेलं आहे. फरक इतकाच की तिथे प्रिंटर बसवणं हे कुणाचंतरी नेमून दिलेलं काम असतं, आणि ते काम रविवारी पाहुणा म्हणून आलेला माणूस करत नाही.

मराठीचं म्हणाल, तर ते दुखणं आता बरंच कमी झालंय. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट दिले, त्या कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत या भाषांचं काम झालं, आणि वेलांट्या अक्षरापासून तुटून पडायच्या बंद झाल्या. अजूनही कधी कधी छापील पानावर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मामा सातबारा दूर धरून म्हणतात, ‘जमीन निफाडची आणि अक्षर अलाहाबादचं.’ जुनी फाइल मात्र जपून उघडावी. २००३ साली श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की मराठी पत्राच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता सडा पडतो. कारण त्या काळी मराठी अक्षरं इंग्रजीच्या खणांत पोटभाडेकरू म्हणून राहत होती.

संध्याकाळी पाचला मामा चपला घालतात. सीबीएस बसस्थानकाच्या बाजूला, कोर्टाबाहेर झेरॉक्सवाल्यांची रांग आहे. ‘व्हॉट्सॲपवर टाका काका,’ असं म्हणत पोरगा नंबर दाखवतो आणि पान बाहेर. त्याच्याकडेही तोच २९०० असतो. त्याने त्यावर कधी काही नवं चढवलेलं नसतं, हे त्याचं गुपित. मामा दोनाऐवजी चार प्रती काढून आणतात.

भाच्याच्या जखमेवर मीठ असं की हे सगळं आता हळूहळू कालबाह्य होत चाललंय. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, पुढे सगळ्यांसाठी आयपीपी एव्हरीव्हेअर नावाची ठरलेली पद्धत आली, आणि अलीकडचे वायफायचे बरेच प्रिंटर लिनक्सला कोणत्याही ड्रायव्हरशिवाय ओळखता येतात. चालू करा, नाव दिसतं, छापा. शेजारच्या काकूंनी असा प्रिंटर आणला तेव्हा मोठ्या आशेने लॅपटॉप उघडून बसलेल्या भाच्याला करण्यासारखं काहीच उरलं नाही. चहा पिऊन तो परत आला. कप्सची पुढची मोठी आवृत्ती तर जुन्या धाटणीचे ड्रायव्हर थेट घेणंच बंद करणार आहे. २९०० ला हे कुणी अजून सांगितलेलं नाही. तो रुमालाखाली बसून आहे.

निघताना भाच्याने मामींना लाडवाच्या आशेने एक गोष्ट सांगितली. लिनक्सच्या कर्नलमध्ये जुन्या जाड्या केबलच्या प्रिंटरांसाठी लिहिलेला एक भाग अजून शाबूत आहे. प्रिंटरने कुरकुर केली की तो आधी पाहतो, कागद संपलाय का? मग पाहतो, प्रिंटर बंद ठेवलाय का? दोन्ही नाही, तरी कुरकुर चालूच, असं झालं की तो सरळ लिहून मोकळा होतो: प्रिंटरला आग लागली आहे.

मामींनी डबा उघडता उघडता विचारलं, ‘आणि नुसता कागद अडकला असेल तर?’

‘मग तोही पेटलाच, मामी.’